गवई येणार न्हाय

खोली भाड्यानं देताना घरमालक काय काय विचारतात, हे मला तोपर्यंत पाठ झालं होतं. गाव कुठलं, जात कुठली, मटण शिजवणार का, पाहुणे किती येतात. बेळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागल्यापासून मी घरं पाहत हिंडत होते आणि प्रत्येक प्रश्नाला एक गोडसं उत्तर तयार ठेवलं होतं. पण कॅम्पातल्या त्या कौलारू घराचं दार उघडलं, एका उंचच उंच बाईनं मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न टाकला,

"गातीस का?"

मला वाटलं, बाईंना गाणारी भाडेकरू हवी असणार. खोली तर मनात भरली होती. मी चेहरा पाडून खरं ते सांगून टाकलं. "न्हाय हो. शाळेत प्रार्थनेला उभं केलं की बाई मला नुसतं तोंड हलवायला सांगायच्या."

"गुणगुणतीस? भांडी घासताना, येणी घालताना?"

"न्हाय."

"बस हितं."

मला ओसरीवर बसवून त्या आत गेल्या. जरा वेळानं आतून तंबोऱ्याचा आवाज येऊ लागला. तो येतच राहिला. मी ओसरीवरची फरशी पाहिली, समोरच्या चर्चचं कुंपण पाहिलं, रात्री काय खायचं याचा विचार केला. मध्येच दाराच्या पडद्याकडं लक्ष गेलं, तर फटीतून एक डोळा माझ्या ओठांवर रोखलेला! मी दचकले, पण ओठ काही हलले नाहीत. तंबोरा थांबला. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सामान घेऊन ये."

केवळ बेसूर असण्याच्या बळावर मला घर मिळालं. हा गुण आयुष्यात कामी आला तो तेवढा एकदाच.

त्यांना सगळा कॅम्प आक्का म्हणायचा. अंगावर इरकल लुगडं, दातांना मिश्री, चालणं पोलिसासारखं. माणसांना नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती. दूधवाला 'दूध', पोस्टमन 'पत्रं', शेजारचे निवृत्त सुभेदार 'बिगुल', कारण पलटणीत ते बिगूल वाजवायचे. मी राहायला गेले त्या दिवसापासून 'टेलिफोन' झाले. "ये टेलिफोन, चहा झालाय!" अशी आरोळी गल्लीच्या टोकापर्यंत जायची.

आणीबाणी नुकतीच उठली होती, पण बेळगावचे दिवे मात्र रोज संध्याकाळी जायचेच. माझ्या पहिल्याच संध्याकाळी दिवे गेले. काडेपेटी शोधत मी मधल्या खोलीत शिरले आणि किंचाळले. भिंतीशी ओळीनं सात बायका उभ्या होत्या. लुगडी नेसलेल्या, खाली मोठ्या, वर बारीक, तोंड नसलेल्या.

"वराडू नको," स्वयंपाकघरातून आक्का म्हणाल्या. "माहेरवाशिणी हायेत त्या."

कंदील आला तेव्हा दिसलं, ते सात तंबोरे होते. प्रत्येकाला जुन्या इरकल लुगड्याची गवसणी शिवलेली. आणि आक्का ज्यांना नावानं हाक मारायच्या असे या घरात तेवढेच होते. सुमी, शालू, मंगल, अशी सातांची सात नावं.

ती नावं कुठून आली, ते सांगते. आक्कांनी आधी निपाणीत बरीच वर्षं गाण्याचा क्लास चालवला होता. तिकडं मुलगी लग्नाची झाली की तिला थोडं गाणं शिकवायचं, अशी बऱ्या घरांतली रीत होती. फार नाही. एक भूप, एक यमन, एक भजन. बघायच्या कार्यक्रमाला पुरेल इतकंच. त्यासाठी मिरजेहून तंबोरा यायचा. मुलगी गायची, पोहे संपायचे, लग्न ठरायचं. मग शिलाईचं मशीन सासरी जायचं, कपाट जायचं, भांडी जायची. तंबोरा तेवढा माहेरी राहायचा. कुणी धाडायचं नाही आणि कुणी मागायचंही नाही. त्याचं काम झालेलं असायचं.

पुढं घरात भावजय यायची आणि तिला त्या कोपऱ्यात पाळणा ठेवायचा असायचा. तंबोरा माळ्यावर जायचा. एका घरी आक्कांना तो गोधड्यांच्या ढिगाखाली मिळाला, दुसऱ्या घरी त्याच्या खुंट्यांना लसणाच्या जुड्या टांगलेल्या. भाऊ वारल्यावर त्यांचं कॅम्पातलं घर सांभाळायला आक्का बेळगावला निघाल्या, तेव्हा त्या दारोदार फिरून म्हणाल्या, "तुमची पोरगी न्हाय तर न्हाय, तिचा तंबोरा तरी द्या." सात घरांनी दिले आणि ज्या पोरीचा तंबोरा, तिचंच नाव त्याला राहिलं.

त्यांचा स्वतःचा मात्र एकही नव्हता. कधीच नव्हता. क्लासच्या जोडीनं आक्कांचं अर्धं आयुष्य गवयांच्या पाठीमागं तंबोरा धरून बसण्यात गेलं होतं आणि तो तंबोरा नेहमी गवयाचा असायचा. मोठमोठे गवई त्यांना पाठीवरून ठाऊक होते. कुणाची कॉलर विरलेली, तान घेण्याआधी कुणाची मान लाल होते, कोण गाताना खुर्चीचा पाय हलावा तसा खांदा हलवतो. पेपरात मैफलीचे फोटो छापून यायचे, त्यांत गवयाच्या फेट्यामागं आक्कांचा एक कान दिसायचा. ती कात्रणं त्या मला कौतुकानं दाखवायच्या. "ह्यो बघ. ह्यो माझा कान."

"कंटाळा नाही यायचा, आक्का?" मी एकदा विचारलं.

"लई यायचा. पण गवई पाणी प्यायला थांबतो न्हवं? तेवढं आमचं." त्यांनी डोळे मिटले. "त्यो तांब्या उचलतो, घोट घेतो, तोंड पुसतो. तेवढा वेळ तंबोरे एकटेच असतात बघ. मी त्या पाण्याची वाट बघत बसायची."

त्या दोन घोटांमधून आक्कांनी एक गाणं बांधलं होतं. गाणं म्हणू नये खरं तर, कारण त्यात गाणारं कुणी नव्हतं. तबला नाही, पेटी नाही. फक्त सात तंबोरे. त्याला नावही नव्हतं. "चल गं, आपलं ते करूया," एवढंच त्या म्हणायच्या.

'आपलं ते' म्हणजे काय, ते नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, पण प्रयत्न करते. आधी एकच तंबोरा बराच वेळ. मग त्याचा नाद विझायला आला की त्याच्या शेपटावर दुसऱ्यानं बोट ठेवायचं. मग तिसऱ्यानं. सगळे एकाच सुरात लावलेले, तरी प्रत्येकाचा भोपळा वेगळा, लाकूड वेगळं, त्यामुळं त्या एका सुराच्याच सात सावल्या पडायच्या. मग मधेच एकानं आपली पंचमाची तार हळूच मध्यमावर उतरवायची आणि अख्ख्या खोलीचा उजेड बदलल्यासारखं व्हायचं. दुपारचं ऊन फरशीवरून सरकतं ना, तसं. आपण पाहत असताना सरकत नाही. जरा दुसरीकडं पाहून आलं की सरकलेलं असतं.

आक्का शिकवायच्या ते स्वयंपाकघरातल्या भाषेत. "शेवया वळतीस न्हवं? तशी वळ. तुटू देऊ नको." "बिगुल, ती तार हाय, बंदूक न्हाय. दाबू नका."

आणि सूर कुठला? तर समोरच्या चर्चच्या घंटेचा. पेटीच्या कुठल्याच पट्टीत तो बसत नव्हता, काळी चारच्या किंचित खाली. "घंटा काय खाली उतरवून पिळता येती?" आक्का म्हणायच्या. "मग आपणच तिच्याजवळ जायचं." रविवारी सकाळी घंटा झाली की त्या सातही तंबोरे तिच्याशी जुळवून घ्यायच्या. बाकीच्या दिवसांसाठी त्यांनी एक पितळी तांब्या आणला होता. तो शोधायला त्या खडेबाजारातल्या भांड्यांच्या दुकानात तासन् तास बसल्या होत्या. नखानं एकेक तांब्या वाजवायचा आणि बाजूला ठेवायचा. दुकानदार कानडी आणि मराठी दोन्हींत विनवत होता, "आक्का, गळत न्हाय हो एक पण!" शेवटी घंटेचा सूर देणारा तांब्या सापडला तेव्हा बाईंनी तो छातीशी धरला, तेही बाजारात, सगळ्यांदेखत.

वाजवणाऱ्यांची निवड त्याच ओसरीच्या परीक्षेनं व्हायची. तंबोरा ऐकून जो गुणगुणला तो बाद. आणि आमच्या भागात तर तंबोरा कानी पडला की पानवालासुद्धा 'सा' लावतो. त्यामुळं गाण्यातलं ज्यांना कळतं ते सगळे घरी गेले आणि मागं उरलो आम्ही. मी, सुभेदार, माझ्या एक्स्चेंजमधल्या तिघी आणि कोपऱ्यावरचा शिंपी. सातव्या आक्का. एका ओळीत मुकाट बसायची आम्हा टेलिफोनवाल्यांना सवयच होती.

असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही एका गणेशोत्सवात उतरलो. त्या मंडळात दरवर्षी आधी मराठी पद की आधी कानडी यावरून हातघाई व्हायची. शब्दच नाहीत हे ऐकून सेक्रेटरी हरखले. "वा! म्हणजे भांडणच न्हाय!"

पडदा उघडला. आम्ही सुरू केलं. पहिला काही वेळ लोक एकदम खूश. "तंबोरे काय लागलेत!" अशी दाद आली. मग शेंगा फुटायला लागल्या. मग एक पोर रडलं. मग सेक्रेटरी वाकत वाकत रंगमंचावर आले आणि आक्कांच्या कानाशी कुजबुजले, "आक्का, जुळले काय?" आक्कांनी डोळे उघडले नाहीत. सेक्रेटरींनी माईक हातात घेतला. "रसिकहो, तंबोरे जुळवायचं काम चालू आहे. गवई थोड्याच वेळात आपल्यासमोर येतील." हे ऐकून श्रोत्यांतला एक तबलजी मदतीला धावून आला. विंगेत बसून त्यानं हातोडीनं तबला ठोकायला घेतला. सगळे इतके मदतीला आले, इतके मदतीला आले, की विचारू नका.

आम्ही थांबलो तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक सावरून बसले, शेंगांची टरफलं झटकली. पुढच्या रांगेतले एक आजोबा मांडी बदलून म्हणाले, "हां! आता होऊ द्या!"

आक्का उठल्या. माईकसमोर आल्या.

"गवई येणार न्हाय," त्या म्हणाल्या.

"आजारी पडला काय हो?" कुणीतरी कळवळून विचारलं.

त्यानंतर बरेच महिने गवसण्या निघाल्या नाहीत. आक्का मिश्री लावून ओसरीवर बसायच्या आणि घंटा झाली तरी उठायच्या नाहीत. मी एक-दोनदा म्हटलं, "आक्का, आपलं ते करूया की." त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या. एका रविवारी मात्र आपणहून बोलल्या.

"टेलिफोन, मला जास्त काय नको. एकदाच. कुणी कुणाची वाट न बघता एकदा ऐकायला पाहिजे. मग मेले तरी चालतंय."

"लोकांना कळत नाही त्याला आपण काय करणार?"

"लोकांचं काय चुकलं? तुम्ही बोटं हलवताय. गवई येणार न्हाय म्हंजे काय, हे तुला कुठं ठावं?" त्यांनी मधल्या खोलीकडं मान वळवली. "ते ज्यांचे तंबोरे हायेत त्या पोरींना ठावं."

"पण आक्का, त्या तर गाणाऱ्या! त्या गुणगुणतील!"

"तीच तर भीती हाय," आक्का म्हणाल्या.

पोरी म्हणजे आता चांगल्या संसारी बायका झालेल्या. कुणी नंदगडला दिलेली, कुणी संकेश्वरला, कुणी चिकोडीला. पण श्रावणात पंचमीला सगळ्या निपाणीला माहेरी येणार, झोके खेळणार, लाडू खाणार. आक्कांनी मुहूर्त धरला तो हा. आणि सासरच्या परवानग्या काढायला आम्ही दोघी गावोगाव निघालो. माझी सगळी रजा त्यात गेली आणि इतकी मजा मला त्यानंतर कुठल्याच रजेत आली नाही.

सदलग्याला सुमनचं, म्हणजे आक्कांच्या सुमीचं, सासर. सासूबाई ठेंगण्या, ठसठशीत, कमरेला किल्ल्या. पाणी दिलं, गूळ दिला आणि विषय निघताच म्हणाल्या, "आमच्या सुनेला गाणंबिणं येत न्हाय."

"मीच शिकवलंय की तिला," आक्का म्हणाल्या. "तुम्ही बघायला आलतासा तवा गायली न्हवं का ती?"

"ते बघायच्या दिवसापुरतं हो! आता चार लोकांत आमची सून गाती म्हटल्यावर काय म्हणतील?"

"गायचं न्हाय."

"आं?"

"तोंडच उघडायचं न्हाय. नुसतं बसायचं, तार छेडायची."

"मग गाणार कोण?"

"गवई येणार न्हाय."

 सासूबाईंचं आयुष्यभराचं सगळं 'नको' गाण्यासाठी साठवलेलं होतं. न गाण्याला काय म्हणावं, हे त्यांना सुचेना. "नुसतं बसायचं म्हंजे... डोईवर पदर घेऊन?"

"घेऊ दे की."

"मांडीवरचं पोर हाय तिला."

"मांड्या दोन असत्यात."

"बघा बाई," सासूबाईंनी किल्ल्या खुळखुळवल्या. "माझं बी माहेर निपाणीच हाय. मी येणार. हिनं तोंड उघडलं तर तिथनं उठवून आणीन, आधीच सांगून ठेवते."

सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पिठाचे.  माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडं गेलं. चौकटीवर आधी मधलं बोट फिरत होतं, मग तर्जनी, तर्जनी, तर्जनी. पंचम, सा, सा, खर्ज. पिठाच्या रेघा चौकटीवर उमटल्या होत्या.

हीच युक्ती सगळीकडं चालली. ज्या घरांनी गाण्याला हाकलून दिलं असतं, त्यांनी न गाण्याला हो म्हटलं.

पंचमीसाठी बसनं निघालो तेव्हा कंडक्टरनं भोपळे पाहिले आणि म्हणाला, "आक्का, हे टपावर टाका."

"टपावर तुझ्या सासूला बसव. ह्यांना टिकीट फाड."

"फुल का हाफ?"

"बायका हायेत त्या. फुल."

प्रत्येक तंबोरा सीटवर बसला. घाट आला, इंजिन घुमायला लागलं आणि गवसण्यांच्या आत सातही जणी आपसूक वाजायला लागल्या. ड्रायव्हरनं मान वळवून पाहिलं आणि पुढं निपाणीपर्यंत एकाही खड्ड्यात गाडी आदळू दिली नाही.

जागा होती तंबाखूची एक वखार. सातांतल्या एकीच्या भावाची. हंगाम संपून रिकामी झालेली, लांबच लांब, वर पत्रा. तंबाखू गेली तरी वास गेला नव्हता आणि बसणारा प्रत्येक जण आधी शिंकत होता. दुपारची वेळ. बाहेर चिंचेला झोके बांधलेले, त्यांचे दोर कुरकुरत होते.

सातजणी आल्या. माहेरची लुगडी-पातळं, हातभर बांगड्या. प्रत्येकीनं आपला तंबोरा न सांगता ओळखला.  मंगलनं भोपळ्यावरच्या एका जुन्या चऱ्यावरून अंगठा फिरवला, सुमननं एका मांडीवर पोर घेतलं आणि दुसऱ्या बाजूला तंबोरा. आक्कांनी तांब्या नखानं वाजवला, त्याच्याशी सगळे तंबोरे जुळवले. मग तांब्या पाण्यानं भरला आणि मध्ये, जिथं गवई बसतो तिथं, रिकाम्या सतरंजीवर ठेवला. स्वतः सगळ्यांच्या मागं जाऊन बसल्या, आपल्या नेहमीच्या जागी.

मला म्हणाल्या, "तुझं काम एकच. बाजूला बस आणि ओठ बघ."

मी ओठ पाहत बसले. पहिली सुमन. मग शालू. मग एकेक. मी इतके दिवस जे वाजवत होते ते आणि हे एकच, यावर माझा विश्वास बसेना. आम्ही बोटं हलवत होतो, आक्का म्हणाल्या होत्या तसं. या बायका थांबत होत्या. नाद विझत आला की त्या त्याला जाऊ द्यायच्या, अगदी हातातून निसटेपर्यंत, आणि मग दुसरीचं बोट यायचं. गळे हलताना दिसत होते. शालूचा घसा वर-खाली झाला. मंगलनं खालचा ओठ दातात धरला. आवाज एकीचाही नाही. शिंका थांबल्या. झोक्यावरच्या पोरी दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

सातही तंबोरे भरात आले आणि वखारीत कुणीतरी गायला लागलं.

बायकी आवाज. लांबून आल्यासारखा, पत्र्याखालून. शब्द नाही, एकच गंधार, स्वच्छ, धरून ठेवलेला.

"कोण गातंय गं?" सुमनची सासू ताडकन उठली. "गायचं न्हाय ठरलं होतं!"

आणि ती चालत पुढं आली. सुमनसमोर वाकून तिनं तोंड पाहिलं. ओठ मिटलेले. शालूसमोर वाकली. मिटलेले. ओळीनं सातही तोंडं पाहिली, एकीचा तर पदर बाजूला करून पाहिला. आवाज चालूच. मग ती माझ्याकडं वळली.

"तू गातीस काय गं?"

आयुष्यात माझ्यावर गाण्याचा आळ आला तो तेवढाच. मी मान हलवली. ती मागं गेली, आक्कांच्या तोंडाशी तोंड नेलं. आक्कांचे ओठ घट्ट मिटलेले, मिश्रीनं काळे. डोळे मात्र उघडे. एरवी त्या डोळे मिटून बसायच्या, त्या दिवशी टक्क उघडे होते.

सासूबाई परत फिरल्या आणि कुठं बसावं ते न कळून मधल्या रिकाम्या सतरंजीवर बसल्या. सात तंबोऱ्यांच्या पुढं, लोकांकडं तोंड करून, गवयाच्या जागी. हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी गेली. तोंड उघडं राहिलं, पण त्यातून काही निघालं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी भान नसल्यासारखा शेजारचा तांब्या उचलला, वर धरला आणि घटाघटा पाणी प्यायल्या. आणि मागं तंबोरे एकटेच होते.

मी आक्कांकडं पाहिलं. त्या सासूबाईंच्या पाठीकडं पाहत होत्या.

संपलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. कुणी मांडी बदलली नाही. 'आता होऊ द्या' कुणी म्हणालं नाही. बाहेरचा एक रिकामा झोका अजून हलत होता तेवढाच.

मग सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि आक्कांना विचारलं, "ती कोण हो?"

"कोण न्हाय. तारांतच असती ती. नीट लावल्या आणि कुणी मधी बोललं न्हाय की येती."

सासूबाईंनी जरा विचार केला. मग सुमनच्या तंबोऱ्याकडं बोट दाखवलं. "ह्यो आमच्या सुमीचा न्हवं? मग ह्यो बेळगावात कशाला ऱ्हातोय? आमचं घर काय लहान हाय?"

सुमननं पहिल्यांदा तोंड उघडलं. "नेऊया, आत्ती?"

"नेऊया की. पोराला मी घेते."

एकीनं नेला म्हटल्यावर दुसरी कशी मागं राहील? भाऊ बसस्टँडपर्यंत न्यायला बैलगाड्या जुंपू लागले. दिवस कलायच्या आत वखार रिकामी झाली. शालूचा नंदगडला, मंगलचा संकेश्वरला. आक्का प्रत्येक गवसणीची नाडी स्वतः बांधत होत्या.

परतीच्या बसमध्ये आमच्याजवळ सामान म्हणून फक्त तांब्या होता. कंडक्टर तोच. "आक्का, बायका कुठं गेल्या?"

"सासरी," आक्का म्हणाल्या.

मला राहवेना. "आक्का, सगळे दिलेत? आता आपलं ते परत कधी होणार?"

"माहेरवाशीण किती दिस ठेवून घ्यायची, टेलिफोन?" त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "आणि मी एकदाच म्हणलं होतं."

मधली खोली मग तशीच रिकामी राहिली. भिंतीवर सात जागी चुना कमी मळलेला होता, सात उंच बारीक सावल्यांसारखा. आक्कांनी तिथं दुसरं काही ठेवलं नाही. सुभेदार येऊन ताठ बसायचे आणि जायचे. रविवारी घंटा झाली की आक्का तांब्या वाजवून पाहायच्या, जुळतोय की नाही ते. जुळवायला दुसरं काही नव्हतंच.

एकदा सुमनच्या सासूबाई डोळे दाखवायला बेळगावला आल्या, त्या सरळ घरी. बसायच्या आधीच तक्रार. "सुमी वाजवती संध्याकाळचं, पण एकट्या तंबोऱ्यात ती बाई गात न्हाय हो."

"गाती. उशिरानं गाती. बसून ऱ्हावा."

"बसतेच की मी! सुमीच म्हणती, आत्ती, उठा, जेवाय चला."

आक्का इतक्या हसल्या की मिश्रीचा डबा सांडला. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

ऐंशीच्या दशकात एक्स्चेंज आपोआप चालणारं झालं, आम्हा बायकांची गरज उरली नाही आणि माझी बदली झाली. निघताना आक्कांनी तांब्या माझ्या पिशवीत घातला. मी म्हटलं, "अहो, मला सुरातलं काय कळतंय?" त्या म्हणाल्या, "म्हणून तर तुला देते. गुणगुणणार न्हाईस." त्यांच्या जाण्याची बातमी मला उशिरा कळली.

मागच्या वर्षी बेळगावला गेले होते. कॅम्पात ते घर नाही, दुमजली इमारत आहे, खाली झेरॉक्सचं दुकान. चर्च तसंच. रविवार होता. मी कुंपणाशी उभी राहिले आणि घंटा झाली तशी पिशवीतला तांब्या काढून नखानं वाजवला. इतक्या वर्षांत त्याला दोन पोचे आलेत. जुळला की नाही, मला कळलं नाही. मला कधीच कळलं नसतं. घंटेचा नाद लांबत गेला, बारीक झाला आणि मी त्याला जाऊ दिलं, त्या सातजणी जाऊ द्यायच्या तसं.

झेरॉक्सवाला बाहेर आला. "आक्का, कुणाला हुडकताय?"

"कुणाला न्हाय," मी म्हटलं. "पाणी प्यायला थांबले."